यंत्र जुनं होतं म्हणजे नक्की काय होतं?

माझ्या संगणकात एक तक्ता आहे. त्यात चार रकाने आहेत. पहिल्याचं नाव ‘आहे तसं चालू द्या’, दुसऱ्याचं ‘दुरुस्ती’, तिसऱ्याचं ‘यंत्रं बदला’ आणि चौथ्याचं ‘बंद करा’. ईशान्य अमेरिकेतल्या एका लहानशा नदीवर शंभरीला टेकलेलं एक जलविद्युत केंद्र आहे. त्याचं पुढे काय करावं याचा अभ्यास करणाऱ्या गटात मी पोस्टडॉक म्हणून काम करते. प्रत्येक रकान्यात खर्च किती, वीज किती, किती वर्षं चालेल, परवान्याच्या अटी कोणत्या हे आकडे भरायचे आणि शेवटी एका रकान्यावर बोट ठेवायचं, असं या कामाचं साधारण स्वरूप.

पहिल्या मसुद्यात मी त्या केंद्रातल्या टर्बाईनपुढे ‘कालबाह्य’ असा शब्द लिहिला होता. तिथे तीस-पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले एक ऑपरेटर आम्हाला माहिती द्यायला येत. त्यांनी तो शब्द वाचला आणि शांतपणे विचारलं, “म्हणजे त्याला झालंय काय?”

मला पटकन उत्तर देता येईना. टर्बाईन चालत होतं. तेल वेळेवर बदललेलं, बेअरिंग ठीक, आवाजही एकसारखा. कालबाह्य कशामुळे, तर ते १९२०च्या दशकातलं आहे म्हणून. पण ही तर त्याची जन्मतारीख झाली, आजार नव्हे. त्या प्रश्नानंतर मी जुन्या जलविद्युत केंद्रांचे इतिहास वाचायला लागले. त्यांतल्या तीन गोष्टी इथे सांगते. एक न्यूयॉर्क राज्यातली, एक मेनमधली आणि एक आपल्या राधानगरीची.

आधी थोडं शास्त्र. पाण्यापासून वीज मिळवण्याचा हिशेब फार सोपा आहे. किती पाणी आणि किती उंचीवरून, एवढ्या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं. सेकंदाला १० घनमीटर पाणी ३० मीटर खाली आणलं आणि यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर अडीच मेगावॅट वीज मिळते. हा हिशेब १९०० साली जो होता तोच आजही आहे. कोळशाच्या केंद्रात बॉयलरची धातू उष्णतेने थकते. इथे यंत्राला लागतं ते नदीचं थंड पाणी, आणि फिरण्याचा वेगही बेताचा. म्हणून जलविद्युत यंत्रं विलक्षण दीर्घायुषी असतात.

झीज अर्थातच होते. पाण्याबरोबर आलेली वाळू टर्बाईनच्या चाकाची पाती खाते. दाब एकदम कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, ते पात्यावर फुटतात आणि पोलादावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. जनरेटरच्या तारांवरचं विद्युतरोधक आवरण तीस-चाळीस वर्षांत ठिसूळ होतं. पण या सगळ्यावर इलाज आहे. खड्डे वेल्डिंगने भरता येतात, तारा नव्याने गुंडाळता येतात, एखादं चाक बदलता येतं. शंभर वर्षांपूर्वीचं चांगलं चाक पाण्यातल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पकडत असेल, तर आजचं ९० टक्क्यांच्या वर पकडतं. फरक आहे, पण आभाळ-जमिनीचा नाही. मग इतकी लहान केंद्रं बंद का पडली?

पहिली गोष्ट मेकॅनिकव्हिलची. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी हे छोटंसं गाव आहे. एके काळी ते कागद गिरण्यांचं आणि रेल्वे यार्डाचं गाव म्हणून ओळखलं जाई. तिथलं जलविद्युत केंद्र १८९७ साली बांधायला घेतलं आणि १८९८ मध्ये सुरू झालं. सात जनरेटर, सगळे मिळून पाच मेगावॅटच्या आसपास. वीज जायची सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या स्कनेक्टडीला, जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात. स्कनेक्टडी हे नाव इकडच्या आपल्या इंजिनिअर मंडळींना नवं नाही. चार्ल्स स्टाइनमेट्झ हा गणिती इंजिनिअर तिथे काम करत असे. आल्टरनेटिंग करंटचं, म्हणजे एसी विजेचं गणित ज्याने इंजिनिअरांच्या हाती दिलं तो हाच. या केंद्राच्या आखणीशीही त्याचं नाव जोडलं जातं.

या केंद्राची वीज ४० हर्ट्झची होती. म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदाला ४० आवर्तनांच्या गतीने बदलायची. आज अमेरिकेत ६० आणि भारतात ५० हर्ट्झ चालतं. भारतातून आणलेला मिक्सर इथे नीट का चालत नाही याची चर्चा प्रत्येक मराठी घरात एकदा तरी झालेली असते, त्यामुळे आपल्याला हर्ट्झ निराळं समजावून सांगायला नको. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळतो, हर्ट्झ बदलणारा मिळत नाही. मेकॅनिकव्हिलची पुढची सगळी कहाणी या अडचणीतून घडली.

मग ४० का निवडले? कारण १८९८ साली ‘बरोबर’ आकडा कोणता हे ठरलेलंच नव्हतं. नायगाराच्या मोठ्या केंद्राने २५ निवडले होते. मोटारींना आणि एसीचा डीसी करणाऱ्या फिरत्या यंत्रांना ते सोयीचे होते, पण २५ हर्ट्झवर दिवे डोळ्यांना जाणवेल असे लुकलुकत. दिव्यांसाठी ६० उत्तम. ४० हा मधला मार्ग होता. जर्मनीत १८९१ साली लाउफेन ते फ्रांकफुर्ट अशी जी गाजलेली वीजवाहिनी टाकली, तिनेही ४०च निवडले होते. इंग्लंडच्या ईशान्य भागात न्यूकॅसलभोवती तर ४० हर्ट्झचं मोठं जाळं होतं. म्हणजे मेकॅनिकव्हिलच्या इंजिनिअरांनी काही विक्षिप्तपणा केला नव्हता. त्या काळच्या शहाण्या माणसांनी घेतलेला तो समंजस निर्णय होता.

त्यामागे पाण्याचंही कारण होतं. धरण उंच नसलं की टर्बाईन संथ फिरतं. जनरेटरची वारंवारता दोन गोष्टींवर ठरते, फिरण्याचा वेग आणि चुंबकीय ध्रुवांची संख्या. मिनिटाला १२० फेरे घेणाऱ्या जनरेटरला ४० हर्ट्झसाठी ४० ध्रुव लागतात आणि ६० हर्ट्झसाठी ६०. संथ नदीवरच्या यंत्राला जितके हर्ट्झ जास्त, तितका जनरेटर मोठा आणि महाग. आज उलट दिशेने यायचं म्हटलं तरी हाच हिशेब आडवा येतो. ४० हर्ट्झच्या जनरेटरचं कुठलं तरी बटण फिरवून ६० हर्ट्झ मिळत नाहीत, आख्खा जनरेटर बदलावा लागतो.

हा गोंधळ आपल्याकडेही आला होता. स्कनेक्टडीच्याच जनरल इलेक्ट्रिकने बनवलेले जनरेटर म्हैसूर संस्थानात कावेरीवर शिवनसमुद्रला बसले. १९०२ मध्ये तिथून दीडशेच्या आसपास किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली. ती २५ हर्ट्झची होती. पुढे भारतभर ५० हर्ट्झ रुळले, पण खाणीतली यंत्रं २५चीच होती. त्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी यंत्रणा तिथे पुढची अनेक दशकं बाळगावी लागली.

हळूहळू जग एकेका आकड्यावर स्थिरावलं. कॅनडात ऑन्टारिओने १९४९ पासून दहा वर्षं खर्चून आपलं २५ हर्ट्झचं जाळं ६० वर आणलं. त्यासाठी घरोघरची उपकरणं बदलावी लागली. जपानला ते कधीच जमलं नाही. टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन, म्हणून अर्धा जपान आजही ५० वर आणि अर्धा ६० वर चालतो. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची चणचण झाली, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी तिकडे नेता आली नाही. शतकापूर्वीच्या दोन खरेदीपत्रकांची किंमत एका देशाला अशी मोजावी लागली.

मेकॅनिकव्हिलचे जनरेटर मात्र ४० वरच फिरत राहिले. त्या वेळी कुणी माझ्यासारखा तक्ता केला असता तर ‘कालबाह्य’ हा शब्द बिनदिक्कत लिहिला असता. पण १९३२ मध्ये वेगळंच घडलं. एसीचा डीसी आणि डीसीचा पुन्हा एसी करणाऱ्या पाऱ्याच्या वाफेच्या झडपांवर जनरल इलेक्ट्रिकचे प्रयोग चालू होते. त्यांना प्रत्यक्ष वापराची एक जागा हवी होती, आणि मेकॅनिकव्हिलच्या ४० हर्ट्झला नेमकी तीच गरज होती. तिथली वीज डीसी करून १२,००० व्होल्टच्या तारेवरून स्कनेक्टडीला नेली आणि तिथे ६० हर्ट्झमध्ये बदलली. उच्च दाबाच्या डीसी वहनाच्या इतिहासातलं हे एक सुरुवातीचं पाऊल मानतात. ‘चुकीच्या’ आकड्याचं केंद्र असं नव्या तंत्राची प्रयोगशाळा झालं.

या कल्पनेचं पुढचं रूप महाराष्ट्रातही उभं आहे. पश्चिम भारताची आणि दक्षिण भारताची ग्रिड, दोन्ही ५० हर्ट्झच्या. तरी अनेक वर्षं त्या एका तालात चालत नव्हत्या. एक ४९.९ वर असेल तर दुसरी ५०.१ वर. थेट तारा जोडल्या तर दोन्हीकडे अंधार. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १९९०च्या दशकाच्या शेवटी १००० मेगावॅटचं रूपांतर केंद्र उभारलं. एका बाजूने एसी आत घ्यायचा, मधे डीसी करायचा आणि दुसऱ्या बाजूने एसी बाहेर काढायचा. रायचूर ते सोलापूर या वाहिनीने दोन्ही ग्रिड एका तालात आल्या त्या ३१ डिसेंबर २०१३ रोजी. तोवर भद्रावतीने मोठ्या प्रमाणावर केलेलं काम हडसनकाठच्या त्या प्रयोगाच्याच जातीचं होतं.

मेकॅनिकव्हिलचं पुढे काय झालं? १९८९ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. नंतर मालक कंपनी आणि केंद्र चालवणारी कंपनी यांच्यात लांबलचक कज्जा झाला आणि यंत्रं थांबली. २००३ मध्ये डागडुजी करून केंद्र पुन्हा सुरू केलं गेलं. जुन्या जनरेटरची ४० हर्ट्झची वीज वारंवारता बदलून ६० च्या जाळ्यात जाऊ लागली. २०२१ च्या उन्हाळ्यात बातमी आली की केंद्राच्या चालकांनी सेकंडहँड संगणक आणून तिथल्या विजेवर बिटकॉइन काढायला सुरुवात केली आहे, कारण वीज कंपनीला विकून मिळायचे त्याहून जास्त पैसे त्यात मिळत होते. १८९८ च्या जनरेटरवर २१व्या शतकातलं चलन! मला त्या बातमीचं हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. सव्वाशे वर्षांत त्या केंद्राचा जीव जेव्हा जेव्हा टांगणीला लागला, तेव्हा कारण बाहेरचं होतं. आधी देशाने ठरवलेला हर्ट्झचा आकडा, मग कोर्टातला वाद, मग विजेचा पडेल भाव. यंत्रांची तक्रार नव्हती.

दुसरी गोष्ट मेन राज्यातल्या एडवर्ड्स धरणाची. केनबेक नदीवर ऑगस्टा शहरापाशी १८३७ साली ते बांधलं. आधी त्यावर गिरण्या चालत, विसाव्या शतकात वीज तयार होऊ लागली. केंद्र साडेतीन मेगावॅटचं, म्हणजे मेन राज्याच्या विजेच्या साधारण एक-दशांश टक्का. अमेरिकेत अशा धरणांना केंद्र सरकारचा ऊर्जा आयोग तीस ते पन्नास वर्षांचा परवाना देतो आणि तो संपला की नव्याने अर्ज करावा लागतो. १९८६ मध्ये कायदा बदलला. परवाना देताना विजेइतकंच वजन मासे, नदी आणि लोकांच्या इतर उपयोगांना द्यावं असं ठरलं. एडवर्ड्सच्या मालकांनी अर्ज केला तेव्हा आयोगाने हिशेब मांडला. समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारे मासे दीडशेहून अधिक वर्षं या भिंतीपाशी अडत होते. त्यांच्यासाठी वाट करून देण्याचा खर्च धरण पाडण्याच्या खर्चापेक्षा जास्त भरत होता. १९९७ मध्ये आयोगाने परवाना नाकारला आणि मालकाची इच्छा नसताना धरण काढायला सांगितलं. आयोगाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. पुढे तडजोड होऊन धरण राज्याकडे आलं आणि १ जुलै १९९९ रोजी भिंत फोडून नदी मोकळी केली.

नंतर मासे परत आले. त्यांत आपल्याकडच्या हिलशाच्या जवळच्या कुळातले एलवाइफ तर लाखांनी आले. एडवर्ड्सच्या बाबतीत ‘बंद करा’ हा रकाना बरोबर ठरला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण इथेही कारण यंत्राचं वय नव्हतं. १८३७ साली ज्या नुकसानाची किंमत कुणी मोजत नव्हतं, ती १९९७ साली मोजली जाऊ लागली. तक्ता तोच, फक्त त्यात एक नवी ओळ आली आणि बेरीज उलटली.

आता राधानगरी. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं, भोगावतीकाठचं. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आईचा न चुकता निरोप येतो, “राधानगरीचे दरवाजे उघडले गं.” सोबत व्हिडिओ. आमच्या भागात ही बातमी म्हणजे काठावरच्या लोकांना सावधगिरीचा इशारा असतो आणि उसाला वर्षभराचं पाणी झाल्याचा दिलासाही.

शाहू महाराजांनी फेजिवडे गावाजवळ भोगावती अडवायचं ठरवलं ते १९०७-०८ च्या सुमारास. जवळच वसवलेल्या पेठेला त्यांनी आपल्या मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं. धरणाची भिंत साधारण ४० फुटांपर्यंत आली आणि १९१८ मध्ये पैशाअभावी काम थांबलं. १९२२ मध्ये महाराज गेले. तीसच्या दशकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या काळात काम पुन्हा हाती घेतलं गेलं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि धरण पुरं झालं ते पन्नासच्या दशकात. मुंबईला वीज द्यायला घाटमाथ्यावर टाटांनी धरणं बांधली. राधानगरीचा हेतू मुळातच वेगळा होता. हे धरण शेतीसाठी, विजेचा विचार त्यानंतरचा.

पायथ्याचं वीजघर १९५०च्या दशकात सुरू झालं. १.२ मेगावॅटची चार यंत्रं, एकूण ४.८ मेगावॅट. तो काळ डोळ्यांपुढे आणायला हवा. कोयनेची वीज १९६२ नंतरची. तोवर कोल्हापुरात मोठी ग्रिड नव्हती. वीजघराचा आकार ठरवताना प्रश्न ‘धरणातून जास्तीत जास्त किती वीज निघेल’ हा नसणार. ‘आपल्या भागाला किती लागेल’ हा असणार. चार लहान यंत्रं घेण्यातही शहाणपण होतं. एक दुरुस्तीला काढलं तरी तीन चालू राहतात. दूरवरून उसनी वीज आणायची सोय नसलेल्या गावाला हे फार मोलाचं.

इथे पाणी कधी सोडायचं हे वीजघर ठरवत नाही. पावसाळ्यानंतर सिंचनाच्या आवर्तनाप्रमाणे पाणी सुटतं. भोगावती आणि पंचगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालून ते अडवतात आणि शेतकरी मोटारींनी उपसून उसाला देतात. म्हणजे तेच पाणी आधी टर्बाईन फिरवून वीज देतं, आणि पुढे त्याच पाण्याला नदीतून वर चढवायला वीज लागते. मला हे चक्र लहानपणापासून माहीत होतं, पण चक्र म्हणून ते दिसलं अमेरिकेत आल्यावर, दुसऱ्याच नदीचे आकडे भरताना.

राज्य सरकारने आयुष्य संपलेली काही लहान जलविद्युत केंद्रं नूतनीकरणासाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपन्यांना दिली, त्यांत राधानगरीही होतं. क्षमता ४.८ वरून १० मेगावॅटवर गेली. धरण उंच केलं नाही, आणि करता येण्यासारखंही नव्हतं. मागे दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य आहे. मग दुप्पट क्षमता आली कुठून? उत्तर असं की यंत्रं आता सेकंदाला जास्त पाणी पिऊ शकतात.

मी विद्यार्थ्यांना शिकवताना हाच मुद्दा सर्वांत जास्त वेळा सांगते. मेगावॅट दुप्पट झाले म्हणजे वर्षाची वीज दुप्पट होते असं नाही. तलावात पाणी तेवढंच. नव्या चाकाची कार्यक्षमता ८० वरून ९० टक्क्यांवर गेली, तर त्याच पाण्यातून साडेबारा टक्के जास्त वीज मिळेल. वीजघर लहान असल्यामुळे पूर्वी जे पाणी टर्बाईनला वळसा घालून सोडावं लागे, तेही आता कामाला येईल. बाकीचा फायदा वेळेचा. पूर्वी जे पाणी वीस तासांत जायचं ते दहा तासांत नेता येतं, आणि विजेला भाव असेल ते तास निवडता येतात. अर्थात हे आवर्तन मोडू न देता. वरच्या बाजूला वीज विकणाऱ्याला संध्याकाळ प्रिय असते. खालच्या बाजूला बंधाऱ्यात मोटार टाकून बसलेल्या शेतकऱ्याला मात्र पाणी रोज थोडं थोडं यायला हवं. नूतनीकरणाच्या अहवालात हा ताण ‘परिचालन मर्यादा’ अशा दोन शब्दांत उरकलेला असतो. गावाकडे तो पंप बंद पडण्याच्या रूपात कळतो.

आता पुन्हा दरवाज्यांकडे येते. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव ३४७.५ फुटांवर गेला की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात. त्यांना उघडायला वीज लागत नाही, मोटार लागत नाही, मध्यरात्री कुणी धावत जावं लागत नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर हे फार ‘जुनं’ तंत्र, पण ते दर पावसाळ्यात आपलं काम करतं. याउलट डिसेंबर २०२१ च्या अखेरीस, पाऊस नसताना, दुरुस्ती चालू असताना सेवा दरवाजा अडकून उघडा राहिला आणि भोगावतीत अचानक पाण्याचा लोंढा आला. तो दिवस आईने फोनवर सांगितला तेव्हा मी माझ्या तक्त्यात दरवाज्यांची ओळ शोधली. ती होती, पण सर्वांत खाली, ‘इतर’ या शीर्षकाखाली. टर्बाईनच्या चाकावर चार पानं आणि दरवाज्यांवर एक ओळ! कारण सरळ होतं. चाक बदललं की उत्पन्न वाढतं, दरवाजा दुरुस्त केल्याने काही वाढत नाही. फक्त एक दिवस वाईट जात नाही, आणि न गेलेल्या वाईट दिवसाचा आकडा कुणाला भरता येत नाही.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर त्या निवृत्त ऑपरेटरच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, असं वाटतं. जुन्या जलविद्युत केंद्राला बहुधा स्वतःला काही झालेलं नसतं. ते ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बांधलं होतं, तो प्रश्न बदललेला असतो. मेकॅनिकव्हिलचा प्रश्न होता शेजारच्या कारखान्याला वीज देण्याचा, पण देशाने दुसराच आकडा निवडला. एडवर्ड्सचा प्रश्न होता गिरणी चालवण्याचा. नदी कुणाची हे त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. राधानगरीचं वीजघर एका संस्थानी गावाला पुरेल एवढं होतं, मग ग्रिड आली आणि बाजार आला. म्हणून पहिल्याचं यंत्र ठेवणं, दुसऱ्याचं धरण काढणं आणि तिसऱ्याची यंत्रं बदलणं, अशी तीन वेगळी उत्तरं निघू शकतात. केंद्राचं वय विचारून यांतलं एकही उत्तर सापडलं नसतं.

आमच्या अहवालातून मी ‘कालबाह्य’ शब्द काढला. त्या जागी प्रत्येक भागापुढे दोन नोंदी केल्या. ‘झीज किती’ ही एक, आणि ‘हा भाग कशासाठी असा बनवला होता व ती गरज आज आहे का’ ही दुसरी. दुसऱ्या नोंदीसाठी तळघरातल्या जुन्या वह्या उघडाव्या लागल्या. त्यांतून कळलं की एक टर्बाईन मुद्दाम लहान ठेवलं होतं, उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा चालवता यावं म्हणून. आमच्या तिसऱ्या रकान्यात ते काढून एकच मोठं यंत्र बसवायचं होतं. कागदावर ते स्वस्त पडत होतं. प्रत्यक्षात कोरड्या ऑगस्टमध्ये ते मोठं यंत्र चालवायला पुरेसं पाणीच मिळालं नसतं.

शेवटी आम्ही शिफारस केली ती अशी : आधी दरवाजे, मग जनरेटरच्या तारा, मग एका टर्बाईनचं चाक. लहान टर्बाईनला हात लावू नये. अहवालाच्या सुरुवातीला मी केंद्राच्या इतिहासाचं एक पान लिहिलं होतं. काम देणाऱ्यांना ते अनावश्यक वाटलं. बरीच रदबदली झाल्यावर ते परिशिष्टात गेलं. एवढ्यावर मी समाधान मानलं, कारण लहान टर्बाईन वाचलं होतं.

निवृत्त ऑपरेटरना मी अहवालाची प्रत दिली तेव्हा त्यांनी आधी परिशिष्टच उघडलं.